रबर घरी ठेवा

एका वाचकाचं पत्र आलंय. वय 61. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून उभी नोकरी केली, कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर जलरंग हातात घेतले. तीन वर्षांपासून कोल्हापुरातल्या चित्रकारांच्या एका गटाबरोबर दर रविवारी कधी रंकाळ्यावर, कधी पंचगंगेच्या घाटावर चित्रं काढायला बसतात. आता या गटानं महिन्याभरानं एका खासगी स्टुडिओत तीन तासांचं लाइफ ड्रॉइंग, म्हणजे समोर मॉडेल बसवून चित्र काढणं, ठरवलंय. मॉडेल स्त्री आहे, बाहेरगावाहून येणार आहे आणि विवस्त्र बसणार आहे. यांनी नाव दिलंय, पैसे भरायचे बाकी आहेत. जायची इच्छा दांडगी, पण झोप उडालीय. 'बाकीचे बहुतेक जी. डी. आर्ट (चित्रकलेचा सरकारी डिप्लोमा) झालेले, माझी रेघ नकाशाची.' 'या वयात हे काय थेर, असं लोक म्हणतील.' पत्नीला फक्त 'स्केचिंगला जायचंय' एवढंच सांगितलंय. घरात मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात आहे. कागद कुणाच्या हाती लागले तर काय, ही धास्ती. शेवटी एक वाक्य आहे: 'माझ्या मनात दुसरं काही येणारच नाही, याची खात्री मला देता येत नाही.' दोन तोडगे त्यांनीच काढलेत. वर्षभर इंटरनेटवरच्या फोटोंवरून सराव करून मग जावं, नाहीतर आयोजकांना पुरुष मॉडेल बोलवायला सांगावं. आणि ता. क. 'गेलोच तर पहिल्या दिवशी बसायचं कुठं?'

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अडीच पानांत तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत, पत्नीबद्दल, सुनेबद्दल, गटातल्या मंडळींबद्दल आणि 'लोकां'बद्दल लिहिलंत. त्या खोलीत तीन तास जी बाई न हलता बसणार आहे, तिच्या वाट्याला एक ओळ आलीय, तीसुद्धा कुठून येणार एवढीच. तिच्याकडं मी थोड्या वेळानं येते. आधी तुमच्या रेघेचं बघू.

मी पंचवीसेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. दर वर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवायची. तुम्हीही त्या परीक्षा दिल्या असतील, तर स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. विषय आठवडी बाजार असो, नळावरची गर्दी असो, चाळीस कागदांवर माणूस एकच. अंड्यासारखं डोकं, खांद्यातून निघालेली दोन नळकांडी. बोटं काढता येत नाहीत म्हणून हात पाठीमागं. पावलं जमत नाहीत म्हणून पुढ्यात टोपली, नाहीतर सोयीस्कर उगवलेलं गवत. खासबागेच्या कुस्ती मैदानापासून दहा मिनिटांवर राहणारी पोरं पैलवान काढायची, तर तोही त्याच साच्यातला, फक्त दंडात हवा भरलेली. रोज बघूनही त्यांनी तो बघितलेला नसायचा. मनात एक 'माणूस' तयार असायचा, तोच कागदावर उतरायचा.

लाइफ ड्रॉइंग हा या दुखण्यावरचा उतारा आहे. तुम्ही त्याला शेवटच्या वर्षाची परीक्षा समजताय, म्हणजे वर्षभर अभ्यास करायचा, हाडं-स्नायू पाठ करायचे आणि मग पेपरला बसायचं. खरं तर ती बालवाडी आहे. तिथं पहिल्या दिवशी सगळ्यांचंच वाकडं येतं, जी. डी. आर्टवाल्यांचंही, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांनीही कॉलेज सुटल्यापासून समोर माणूस बसवून काढलेलं नसतं. डिप्लोमाचं म्हणाल, तर ज्या गावात मेस्त्री घराण्यातले बाबूराव पेंटर कुठल्या आर्ट स्कूलची पायरी न चढता पडदे रंगवून, मूर्ती घडवून, पुढं कॅमेरासुद्धा स्वतः बनवून मोठे झाले, त्या गावात तरी सर्टिफिकेटची भीती कुणी घालू नये.

माझा पहिला दिवस सांगते. कपड्यातल्या मॉडेलवर काही महिने काढल्यावर एकदा लंगोटावरचे एक म्हातारे हमाल आले. मी डोक्यापासून सुरुवात केली. मिशा, कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांतलं पाणीदार तेज, सगळं अगदी रंगात येऊन काढलं आणि गुडघ्याशी कागद संपला. सर मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, 'ह्यांनी आता घरी जायचं कसं?' वर्ग हसला. हमालबाबाही हसले, आणि हसण्यात पोज मोडली म्हणून तेच बिचारे ओशाळले. तो कागद मी पुष्कळ वर्षं जपून ठेवला होता.

तुमची गंमत अशी की, तुमच्याकडं जे आहे ते इतरांना शिकायला वर्ष जातं आणि तुम्हाला जे सोडायचंय ते तुमच्या बोटांत भिनलंय. आधी जमेची बाजू. ओळंबा तुम्हाला नवा नाही. दोऱ्याला किल्ली बांधा आणि उभ्या मॉडेलच्या गळ्याच्या खळीतून डोळ्यांनी ओळंबा सोडा. शरीराचा भार एका पायावर असेल तर तो दोरा त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरतो. तो घोटा कागदावर दुसरीकडं पडला, तर तुमचा माणूस कलंडतोय. भार असलेल्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा सहसा खाली येतो. त्रिभंगात उभ्या मूर्ती आपण लहानपणापासून बघतोय, पण खांद्याची आणि कमरेची रेघ एकमेकींच्या उलट कललेली असते, हे कागदावर घेताना पहिल्यांदा कळतं. हात लांब ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्यानं माप घ्या. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते, निम्मी उंची जांघेशी येते, हात सोडला तर बोटं मांडीच्या मध्यावर. ही मापं फक्त ताळा करायला, नकाशासारखी आखून घ्यायला नाहीत. आणि छेद! कालव्याचा छेद काढलेल्या माणसाला दंड गोल आहे, पोटरी मागं फुगीर आहे, बरगड्यांचा पिंजरा अंड्याकृती आहे, हे समजावून सांगावं लागत नाही. बांगडी घातली तर ती दंडावर कशी वळेल, एवढा विचार करून रेघ मारा.

आता सोडायचं काय? वेग आणि दुरुस्ती. ट्रेसिंग कागदावर रॉट्रिंग पेनची शाई चुकली की ब्लेडनं हळूच खरवडून रेघ पुन्हा मारायची, हे तुम्ही तीस-पस्तीस वर्षं केलंत. इथं सुरुवातीच्या पोज तीस सेकंदांच्या, मिनिटाच्या असतात. टायमर वाजला की माणूस हलला, कागद पलटा. तेवढ्यात डोळे-नाक नाही, फक्त झेप पकडायची: डोक्यापासून भाराच्या पायापर्यंत एक रेघ, खांद्यांची एक, कमरेची एक, आणि अंगाची ढोबळ जागा. मग पाच मिनिटांच्या, दहाच्या, आणि शेवटी वीस किंवा त्याहून लांब पोज. पहिल्या अर्ध्या तासात तुमचे पंधरा-वीस कागद फुकट जातील. ते जाण्यासाठीच असतात. म्हणून महागडा कागद नेऊ नका. न्यूजप्रिंटचा किंवा साध्या पांढऱ्या कागदाचा गठ्ठा घ्या, हाफ इम्पिरिअल (साधारण 15 बाय 22 इंच) किंवा त्याच्या आसपासच्या आकाराचा, हार्डबोर्डाला दोन क्लिपा. चारकोलच्या काड्या, एखादी 4बी किंवा 6बी पेन्सिल, हात पुसायला जुनं फडकं. चार चांगले कार्ट्रिज कागद लांब पोजसाठी वेगळे. रबर घरी ठेवा. रॉट्रिंग तर कपाटातच राहू द्या. चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी बरोबर मारा. पुढची रेघ कुठं जायची हे चुकलेलीच सांगते. रेघ मनगटातून नको, खांद्यातून यायला हवी, आणि ते बसून नकाशा काढल्यासारखं होत नाही. उभं राहून काढा, जमलं तर.

याचा सराव आजपासून सुरू करता येतो, त्याला मॉडेल लागत नाही. सीबीएसवर, म्हणजे एसटी स्टँडवर, जाऊन बसा. गाडीची वाट बघणारा माणूस हा जगातला सर्वांत चांगला फुकटचा मॉडेल आहे: बॅगेवर रेललेला, एका पायावर भार टाकलेला, पाच मिनिटं हलत नाही आणि हलला की लगेच दुसरा येतो. मोबाइलवर मिनिटाचा टायमर लावा. तीस माणसं झाली की चहा घ्या आणि घरी या. मात्र कुणी वळून बघितलं किंवा नको म्हणालं, तर पान उलटायचं आणि मुकाट्यानं एसटीचं चाक काढायचं.

फोटोंवरून वर्षभर सराव करायचा तुमचा तोडगा मला अजिबात पटला नाही. फोटोत कॅमेऱ्यानं एका डोळ्यानं बघून अंगाची खोली आधीच चपटी करून ठेवलेली असते, कडा ठरवून दिलेल्या असतात, सावल्या काळ्या ठिक्कर. तुम्ही फक्त नक्कल करता, आणि नक्कल तुम्हाला आधीच उत्तम येते. नोकरीच ती होती. शिवाय जिवंत माणूस बदलत राहतो. दहा मिनिटांच्या पोजमध्ये सातव्या मिनिटाला टेकवलेल्या तळव्याची कड पांढरी पडायला लागते, अंगठा सतरंजीत रुततो, उचललेल्या हाताचा खांदा हळूहळू बोटभर खाली येतो. ते दिसायला लागलं की चित्रात वजन येतं. फोटोतला पाय कधी दमत नाही. आणि खरं सांगू? वर्षभर एकट्यानं खोलीचं दार लावून नेटवर नागड्या बायकांचे फोटो बघत बसण्यापेक्षा दहा जणांत, उजेडात, घड्याळ लावून चित्र काढणं घरच्यांना समजावून सांगायला पुष्कळ सोपं आहे.

पुरुष मॉडेलची विनंती जरूर करा, पण पुढच्या वेळेसाठी. गटानं आलटून पालटून दोघंही बोलवावेत, हे चित्रकलेच्या दृष्टीनं योग्यच आहे. ठरलेल्या मॉडेलला तुमच्या संकोचापायी रद्द करायला लावू नका. तिच्या तारखेचा तो रोजगार आहे.

आता लोकांचं. कोल्हापुरात उघडं अंग कुणाला नवं आहे? गंगावेस, मोतीबाग, कुठल्याही तालमीत सकाळी डोकवा. घाटावर आंघोळीला उतरलेली माणसं बघा. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात आपण सहकुटुंब जातो, नातवंडं स्वर्गमंडपाचे 48 खांब मोजत पळतात आणि सुरसुंदरींच्या शेजारी उभं राहून आपण फोटो काढतो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तिथले तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1920 च्या सुमारास, विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला. म्हणजे या प्रकाराला आपल्याच राज्यात शंभर वर्षं उलटली. तेव्हा तिथं शिकवत होते ते चित्रकार म. वि. धुरंधर जन्मानं कोल्हापूरचेच. आणि लाज फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. 1886 मध्ये अमेरिकेत चित्रकार थॉमस एकिन्स यांनी मुली बसलेल्या वर्गात पुरुष मॉडेलचा लंगोट काढला आणि त्यापायी त्यांना पेनसिल्व्हेनिया अकादमीतली शिकवण्याची जागा सोडावी लागली.

पण हा मुद्दा मी फार ताणणार नाही. देवळाचे दाखले देऊन गप्प बसवणाऱ्या कलावंतांचा मला कंटाळा येतो. दगडातली बाई वेगळी आणि श्वास घेणारी वेगळी. तालमीत उघडा असतो तो पुरुष. बाईच्या अंगाकडं आपल्या गावानं कसं बघायचं हे अजून ठरलेलं नाही, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच तुमची झोप उडालीय. ती उडाली याचं मला वाईट वाटलं नाही. ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या शेजारी बसायला मला अवघड गेलं असतं.

'मनात दुसरं काही आलं तर?' येईल कदाचित. पहिली पाच-दहा मिनिटं कानशिलं तापतात, कुठं बघावं कळत नाही, माणूस उगाच क्लिपा चाचपतो. मग टायमर सुरू होतो आणि प्रश्न बदलतात. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये जी त्रिकोणी फट दिसतेय ती केवढी? दुसरा गुडघा पहिल्यापेक्षा किती वर? ही मोकळी जागा नीट काढली की अंग आपोआप बरोबर येतं, आणि ती मोजण्यात डोकं इतकं गुंततं की बाकीच्याला जागा उरत नाही. तरीही एखादा विचार आलाच, तर तो आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. हात थांबलाय आणि नजर मात्र चालू आहे, असं दोनदा झालं तर पोज संपल्यावर बाहेर जा, तोंडावर पाणी मारा, परत येऊन नुसतं पाऊल काढा. पाऊल इतकं अवघड असतं की कुणाचीही मस्ती उतरते. आणि पोज संपल्याचा टायमर वाजला की नजर आपल्या कागदावर. ती गाऊन घालेपर्यंत वर बघायचं कारण नसतं.

तर, ती. घरी एक प्रयोग करा. स्टुलावर बसा, एक हात डोक्यावर ठेवा, मान वळवा, दहा मिनिटांचा टायमर लावा आणि हलू नका. कपडे घालूनच करा. चौथ्या मिनिटाला मान आखडेल, सहाव्याला बोटांना मुंग्या येतील, नाकावर माशी बसेल. आता समोर दहा अनोळखी माणसं आहेत अशी कल्पना करा. मग पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करा आणि विचारा. किती जण येणार हे तिला सांगितलंय का? कपडे बदलायला आतून कडी असलेली वेगळी खोली आहे का? दाराखिडक्यांना पडदे आहेत का, मधूनच कुणी आत येणार नाही ना? आयोजकांत एखादी बाई आहे का? मोबाइल बाहेर जमा करणार का? दर वीस मिनिटांनी विश्रांती, बसायला सतरंजी, पंखा तिच्या सोयीनं, पाणी, चहा आहे का? मानधन आधी ठरलंय ना, त्याच दिवशी हातात देणार ना? चित्रांचे फोटो कुठं टाकायचे तर तिची परवानगी घेणार का? नीट आयोजन करणारा माणूस या प्रश्नांनी खूश होतो. 'अहो, एवढं काय त्यात' असं उत्तर आलं, किंवा फोनवर हसणं ऐकू आलं, तर नाव काढून घ्या. तुमची अब्रू जाईल म्हणून नाही. अशा खोलीत चित्र होत नाही.

आत गेल्यावर तिच्या अंगावर काही बोलायचं नाही, कौतुकसुद्धा नाही. पोज दुरुस्त करायची असेल तर तोंडानं सांगायचं, तेही संचालन करणाऱ्यानं. जवळ जाऊन हात लावून कधीच नाही. निघताना 'तुमच्यामुळं शिकायला मिळालं' एवढं म्हटलं तरी पुष्कळ. कुणी बाई हे वाचत असेल आणि तिलाही असा वर्ग खुणावत असेल, तर हेच प्रश्न तिनंही विचारावेत, आणि पहिल्यांदा जाताना मैत्रीण बरोबर न्यावी.

घरचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते मला रेघेपेक्षा अवघड वाटतं. 'तिला कळलं तर ती बोलणार काही नाही, पण चेहरा पडेल,' असं तुम्ही वहिनींबद्दल लिहिलंत. हे स्मरणचित्र झालं. लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या? इतक्या वर्षांचा सराव आहे, त्यामुळं तो पडलेला चेहरा तुम्ही न बघता काढू शकता. तो कदाचित हुबेहूब असेलही. पण समोर बसवून अजून बघितलेला नाही. 'स्केचिंगला जायचंय' हे वाक्य खोटं नाही, अर्धं आहे, आणि अर्धं वाक्य घरात फार दिवस टिकत नाही. गटातल्या कुणाची तरी बायको भाजी मंडईत भेटते आणि पुढचं अर्धं तीच सांगते.

पैसे भरायच्या आधी सांगा. जेवण झाल्यावर, दोघंच असताना, सरळ: 'पुढच्या महिन्यात आमचा एक वर्ग आहे. मॉडेल बाई असते, अंगावर कपडे नसतात, आम्ही दहा जण असतो. मला जावंसं वाटतंय आणि थोडं अवघडही वाटतंय.' एवढं बोलून थांबा. कलेच्या इतिहासावर भाषण नको, धुरंधर नकोत, खिद्रापूर तर नकोच. त्या हसतील, चिडतील, 'तुमचं तुम्ही बघा' म्हणतील, किंवा 'मला नाही आवडणार' म्हणतील. शेवटचं आलं, तर माझ्या मते या वेळी जाऊ नका. त्या तुमच्या मालक आहेत म्हणून नव्हे, तर मनावर ते ओझं घेऊन तीन तास तुम्हाला नीट दिसणार नाही म्हणून. विषय पुन्हा काढता येतो, वर्ग पुन्हा होतात. आणि एक विचारून बघा: त्या स्वतः वीस मिनिटं बसतील का, साडीत, खिडकीपाशी, लसूण सोलत? मला वाटतं आजवर तुम्ही त्यांना कधी काढलेलं नाही. पत्रात रंकाळा आहे, घाट आहे, वहिनी नाहीत.

चित्रांचं सोपं आहे. माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांखाली दडवू नका. दडवलेलं सापडलं की चित्र राहत नाही, पुरावा होतो. एक मोठा फोल्डर घ्या, वर 'अभ्यास' आणि तारीख लिहा, तुमच्या बाकीच्या कागदांबरोबर ठेवा. मुलाला एका वाक्यात कल्पना द्या. सुनेला स्वतः होऊन मोबाइलवर दाखवायला जाऊ नका. तिला बघायचं असेल तर ती मागेल. नातीच्या हाती लागलंच तर 'आजोबा माणूस काढायला शिकतायत' हे पुरेसं आहे. नऊ वर्षांची पोर बहुधा एवढंच म्हणेल की पाय चुकलेत.

एवढं सगळं सांगूनही, जाऊच नये असं वाटलं तर? नका जाऊ. कपड्यातला माणूस काढण्यात आयुष्य घालवलेले मोठे चित्रकार आहेत. गटालाच सुचवा की रविवारी आळीपाळीनं एकेकानं वीस मिनिटं मॉडेल म्हणून बसायचं, बाकीच्यांनी काढायचं. खर्च शून्य, आणि बसण्याचे कष्टही प्रत्येकाला कळतात. किंवा मधला रस्ता, जो मला तुमच्यासाठी सर्वांत बरा वाटतो: येत्या दोन-तीन आठवड्यांत जवळच्या तालमीत जा. आधी वस्तादांना भेटा, कशासाठी येणार ते सांगा, चित्रं दाखवायचं कबूल करा. चप्पल बाहेर, आखाड्यात पाय नाही, फोटो नाही. कोपऱ्यात उभं राहून जोर मारणारी पोरं काढा. जोर म्हणजे अगदी छोटी पोजच आहे, आणि ती पुन्हा पुन्हा येते, त्यामुळं मागची राहिलेली रेघ पुढच्या जोराला पुरी करता येते. तांबड्या मातीनं अंग माखलं की उजेड-सावली इतकी स्वच्छ दिसते की स्टुडिओतला दिवा झक मारतो. पाठ कशी दुमडते, खांद्याचं पातं कातडीखाली कसं सरकतं, मोडलेला कान कसा असतो, सगळं बघून घ्या. मग महिन्याअखेरीस त्या खोलीत शिरलात तर उघडं अंग तुम्हाला नवं नसेल, नवा असेल तो फक्त शांतपणा.

राहिला ता. क. थेट समोर बसू नका. चेहरा आणि हाताचे पंजे समोर आले की सगळा वेळ त्यातच जातो, आणि नजरानजर झाली की दोघांनाही अवघड. पहिल्या दिवशी तिच्या पाठीमागं, थोडं तिरकं बसा. तिथून पाठीचा कणा दिसतो आणि पोजचा सगळा डौल त्या एका रेघेत असतो. आडवी पोज असेल तर पायांच्या टोकाला जागा धरू नका. तिथून तळवे डोक्यापेक्षा मोठे दिसतात आणि ते मापात आणताना भलेभले रडतात. खिडकी तुमच्या डाव्या हाताला राहील असं बघा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. डावखुरे असाल तर उलटं. दहा मिनिटं आधी पोचा, आणि दाराजवळचं स्टूल सोडून द्या, तिथं उशिरा येणारा बसतो आणि तो नेहमी पाण्याची बाटली पाडतो.